पहिली मूठ

जी नारळाच्या रूपानं येते, नथ घालून चौरंगावर बसते, घरभराचं ऐकून घेते आणि कुणाचं कुणाला न सांगता सकाळी पाण्यात जाते, त्या कानबाईला आधी हात जोडावेत आणि मग घरातलं बोलावं. देवाचं बोलणं सोपं असतं. घरातलं नसतं.

श्रावणातल्या त्या शनिवारी जळगावच्या घरात दुपारीच गहू निवडून झाले. उद्या कानबाई बसणार, उद्याच रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पुरण भरलेल्या जाड पोळ्या. धुळ्याहून थोरला मुलगा सुकदेव आणि त्याची बायको रत्नमाला जेवायच्या वेळेला येऊन पोचले होते, आणि पारोळ्याच्या पुढं रस्ता कसा खोदून ठेवलाय हे सुकदेवनं घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगून झालं होतं. त्यांचे दोघे मुलगे, एक पुण्याचा आणि एक सुरतेचा, उद्या सकाळी यायचे होते. सुकदेवचा धाकटा भाऊ प्रेमराज पाइपच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून आला होता आणि ओट्यावर बसून नारळाची शेंडी बोटांनी विंचरत होता. देवीचा नारळ निवडायचं काम वडिलांचं, आबांचं. त्यांच्यानंतर ते आपोआप त्याच्याकडे आलं होतं. तू कर, असं कुणी म्हटलं नव्हतं.

चुडामण आबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागच्या श्रावणात वर्षाचं दुःख होतं म्हणून रोट झाले नाहीत. आबांशिवायचे हे पहिलेच.

रोटांचे नियमही या घरात कुणी कुणाला शिकवले नव्हते. घरात जितके पुरुष तितक्या गव्हाच्या मुठी. मूठ म्हणजे सव्वा: भरली मूठ आणि वर पाव. पाळण्यातल्या मुलाचीसुद्धा मूठ पडते. बायका नवऱ्याच्या मुठीतलं खातात, पोरी बापाच्या, नवरा गेलेली मुलाच्या. लग्न करून दिलेली मुलगी दुसऱ्या कुळाची, तिला या रोटाचा घास चालत नाही. मूठ टाकताना नाव घ्यायचं, नाव घेतलं की भोवतीच्या बायकांनी 'कानबाई राखो' म्हणायचं, आणि नाव घेऊन सुपात पडलेली मूठ पुन्हा उचलायची नाही.

मूठ टाकायच्या अक्का. आबांच्या मागे राहिलेल्या भागाबाईंना सगळं घर अक्काच म्हणायचं. त्यांचं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. अक्का मुलांची, नातवांची नावं घेत. पण पहिली मूठ आबांची, आणि नवऱ्याचं नाव अक्कांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. म्हणून पहिली मूठ सुपात पडली की अक्का मान वळवून लेकीकडे पाहत, आणि लेक बापाचं नाव घेई. कोकिळा परकर नेसायची तेव्हापासूनचं हे काम. मधे ती पहूरला सासरी होती ती थोडी वर्षं सोडली, तर त्यात खंड नव्हता.

पहूरहून ती परत आली ती एका बॅगेनिशी. नवऱ्यानं दुसरा संसार मांडला होता. दार उघडलं ते आबांनी. काय झालं, कसं झालं, त्यांनी काही विचारलं नाही. बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणाले, "नशिराबादला सप्ताह बसलाय. आज कीर्तन चांगलं आहे म्हणतात. चहा घे, मग जाऊ." त्या दिवसापासून बापलेक मिळून गावोगावची कीर्तनं ऐकत हिंडले. आबा टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहत, कोकिळा बायकांच्या बाजूला खांबाशी बसे. बिबडे-पापड लाटून विकायचा तिचा धंदाही अशाच सप्ताहांत, ओळखीपाळखीनं वाढला. घरात तिला कुणी कधी उणं बोललं नाही.

फक्त तो पहिला श्रावण. रोटांची कणीक तिनंच मळली, पुरण तिनंच वाटलं. बायकांची पंगत बसली तेव्हा एक ताट कमी होतं. ताट कमी आहे असं कुणी म्हणालं नाही, आणि ती बसायची का, असंही कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या हातातला घास जरासा थांबला होता तेवढ्यात कोकिळाच म्हणाली, "मला आज उपास आहे." पुढच्या वर्षी उपासाचं निमित्त पुरेना, तेव्हा म्हणाली, "मला गोड नाही आवडत गं." घास पुढं सरकले. सगळ्यांना मोकळं वाटलं, तिला सगळ्यांत जास्त.

कीर्तनात धृपद जसं फिरून फिरून येतं, तसं ते वाक्य मग घरात फिरत राहिलं. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट तिला वगळून पुढं जाई. दिवाळीला प्रेमराज तिच्यासाठी आठवणीनं वेगळी शेव आणी. कोकिळेला गोड आवडत नाही. आता तर तिनं देवीच्या नारळावर हात ठेवून तसं सांगितलं असतं, आणि ते खोटं आहे असं तिला वाटलं नसतं.

चार वाजले. लोटनची चक्की सकाळीच धुऊन ठेवलेली होती, आज तो फक्त रोटांचंच दळत होता, आणि दिवेलागणीच्या आत दळण पोचवायचं होतं. अक्का पाटावर बसल्या. पुढ्यात गव्हाची परात, शेजारी रिकामं सूप. रत्नमाला, प्रेमराजची बायको वृषाली, कोकिळा भोवती. सुकदेव खुर्ची ओढून दारात.

अक्कांनी परातीत हात घातला. मूठ वर आली, तिच्यावर पाव चढला, सुपात पडली. अक्कांनी मान वळवून कोकिळेकडे पाहिलं.

"चुडामण," कोकिळा म्हणाली.

"कानबाई राखो," वृषाली म्हणून गेली, आणि मग तिचा हात तिच्याच तोंडावर गेला.

ओट्यावर प्रेमराजचं विंचरणं थांबलं. सुपाच्या मधोमध गव्हाची ती लहानशी ढिगली तेवढी होती. गेलेल्या माणसाच्या नावाची, आणि राखो म्हणून झालेली.

कोकिळेच्या कानापर्यंत रक्त चढलं. बापाचं नाव तिच्या तोंडातून गेलं होतं. आईनं फक्त पाहिलं होतं.

"हात पुढे गया," अक्का हळूच म्हणाल्या, "डोकं मांगे ऱ्हायनं."

मग सगळे एकदम बोलायला लागले. रत्नमालेचं म्हणणं, हे काही बरं लक्षण नाही. सगळं धान्य बदला, आंघोळी करून पुन्हा बसा. सुकदेव म्हणाला, पडलेली मूठ उचलायची नाही हा नियम, मग बदलायचं कसं. प्रेमराज म्हणाला, सुपासकट मेहरूणच्या तळ्यात सोडून येतो, आबांना पोहायला आवडायचं. कुणी हसलं नाही तेव्हा तो पुन्हा नारळाकडे वळला. शेवटी सुकदेवनं धुळ्याला उखर्डू नानांना फोन लावला. भाऊबंदांत तेवढेच एक जुने उरले होते. नानांनी आधी गुडघ्याचं सांगितलं, मग आबांची आठवण काढून थोडे रडले, मग पुन्हा गुडघ्यावर आले. प्रश्न त्यांना मोठ्यानं तीनदा सांगावा लागला.

"मूठ पडनी ना?" फोनमधून आवाज आला. "मंग वाया जावाले नको. घरनंच कोनी तरी खावो. पन ज्यानी मूठ शे, त्यानी दुसरी खावानी नही."

फोन ठेवल्यावर सुकदेवनं त्याचा अर्थ लावला. घरातल्या सगळ्या पुरुषांची मूठ आहे, सगळ्या बायका त्या मुठींत आल्या, म्हणजे खाणारं कुणीच नाही. गाईला घालावी हे बरं.

वृषाली सुपाकडे पाहत होती. ती बँकेत अधिकारी होती. माणसं तिच्यासमोर उभी राहून बोलत. घरातही तिला कुणी डोक्यावर पदर घे म्हटलं नव्हतं. पण दर श्रावणात या सुपाशी बसली की तिचं काहीतरी आक्रसायचं. मोठ्या जाऊबाईंच्या घरच्या तीन मुठी पडायच्या, एक दादांची, दोन मुलांच्या. तिच्या घरची एकच. तिच्या दोन मुलींकडे त्या वेळी कुणी पाहतसुद्धा नसे, आणि कुणी पाहत नाही याचं तिला बरंही वाटे. हे बरं वाटणं तिला नंतर रात्रभर टोचे. आपण शिकलो, कमावतो, आणि एका मुठीपाशी आपण एवढ्याशा होतो, हे ती नवऱ्यालाही बोलली नव्हती. बोलायचं काय? तिला कुणी काही म्हटलंच नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "घरात मूठ नसलेलं माणूस आहे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. सगळ्यांचे डोळे कोकिळेकडे गेले.

सुकदेव खाकरला. कोकिळेच्या विरुद्ध त्याच्या मनात काही नव्हतं. बहिणीवर त्याचा जीव होता, धुळ्याहून येताना तिच्यासाठी तो दर वेळी काहीतरी आणायचा. पण कुळ म्हणून काही असतं, आणि कागदोपत्री ती अजून पहूरचीच, एवढं तो अर्धं बोलला आणि अर्धं गिळलं. प्रेमराजनं ओट्यावरूनच विचारलं, पहूरला तिचं आहे तरी काय, दादा. ज्या माणसानं तिचं नाव टाकलं त्याच्या कुळात ती कशी, आणि जिनं आबांचं शेवटचं सगळं केलं ती इथली कशी नाही. दोघा भावांत एवढं उघड बोलणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

"मला गोड आवडत नाही," कोकिळा उठत म्हणाली. "उगाच का भांडता? गाईला घाला." आणि ती डाळ बघायला आत गेली.

अक्कांनी सूप जवळ ओढलं. सुकदेवची मूठ टाकली, नातवांच्या टाकल्या, प्रेमराजची टाकली, त्याच सुपात, त्या पहिल्या ढिगलीवर. गहू गव्हात मिसळला.

"दळन एकच," त्या म्हणाल्या. "उद्यानं उद्या. कानबाई बठ्ठं देखस."

प्रेमराज दळण घेऊन गेला. दारातली खुर्ची रिकामी झाली. अक्का पाटावर तशाच बसून राहिल्या.

हात चुकला होता, हे खरं. परातीत गेला तेव्हा तो हात आबा जिवंत असतानाचाच होता. पण मूठ पडल्यानंतर अक्कांना क्षणभर जे वाटलं, ते चुकल्याचं नव्हतं. या घरात त्या सोळाव्या वर्षी आल्या तेव्हापासून त्या एका मुठीतलं खात होत्या. आता सुकदेवच्या मुठीतलं खायचं. मुलगा चांगला, सून मायेची. त्यात वाईट काही नव्हतं. तरी रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांना वाटायचं, आपण एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवतोय आणि सामान म्हणून आपल्याकडं काहीच नाही. 'चुकलं माझं, चिमण्यांना टाका,' एवढं अक्का म्हणाल्या असत्या तर सगळ्यांनी ऐकलं असतं. हात चुकला तो चुकला. तोंड मात्र त्यांनी जाणून बंद ठेवलं होतं. आयुष्यभर त्यांचं तोंड घरासाठी बंद राहिलं. आज ते पहिल्यांदा स्वतःसाठी राहिलं.

आणि मग वृषालीनं कोकिळेचं नाव काढलं, आणि लेक 'मला गोड आवडत नाही' म्हणत उठून गेली. तिच्या पाठीकडे पाहताना अक्कांना कळलं, की बिऱ्हाड हलवणारी आपण एकटी नाही.

रविवारी सकाळी कानबाई बसली. प्रेमराजनं निवडलेल्या नारळाला डोळे लावले, नथ घातली, वृषालीच्या मुलींनी चोळी-पातळ नेसवलं, आणि नेहमीप्रमाणे कालपर्यंत नारळ असलेलं ते अचानक कुणाचीतरी आई दिसायला लागलं. सुकदेवचे मुलगे आले, आंघोळी झाल्या. मागच्या खोलीत कोकिळा आणि रत्नमाला रोटांच्या कामाला लागल्या.

देवीला दाखवायच्या आधी काही चाखायचं नसतं, त्यामुळे पुरणात गूळ नेहमी अंदाजानं पडायचा. तो अंदाज कोकिळेचा. रत्नमाला समोर बसून कणकेचे गोळे करत होती. दोघी फारशा बोलल्या नाहीत. कालचं काढायचं नाही, हे न ठरवता ठरलं होतं.

रत्नमालेच्या मनात मात्र तेच चाललं होतं. काल लक्षणाचं तीच बोलली होती. तिला वाटलं आपण भीतीनं बोललो. रात्री समजलं की भीती देवीची नव्हती. ती या घरात आली तेव्हा पहिली काही वर्षं मूल नव्हतं. त्या श्रावणांत तिच्या वाट्याला सुकदेवची एकटी मूठ पडायची आणि बायका तिच्याकडे न पाहण्याची फार काळजी घ्यायच्या. मग पहिला मुलगा झाला. पुढच्या रोटांना दुसरी मूठ पडली तेव्हा अक्कांनी तिला हात धरून सुपाच्या जवळ बसवलं. ती जागा तिनं त्या मुठीनं मिळवली होती. मुठी कुणालाही मिळायला लागल्या तर त्या जागेचं काय? हा हिशेब तिच्या मनात कधी आणि कुणी मांडून ठेवला, तिला आठवेना. पण मांडलेला होता.

आणि त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट होती. कोकिळा परतली त्या पहिल्या श्रावणातली. दुसऱ्या खेपेला दिवस राहिलेली रत्नमाला पंगत उठल्यावर पाणी प्यायला या खोलीत आली होती. कोकिळा भिंतीकडे तोंड करून बसली होती. पुरणाचं रिकामं पातेलं मांडीत, आणि बोटानं त्याचा तळ पुसून ती बोट तोंडात घालत होती. डोळे मिटलेले. चव नव्हे, एखादा अभंग ऐकत असावी असा चेहरा. मग ती उठली, मोरीत चूळ भरली, तोंड पदरानं दोनदा पुसलं. रत्नमाला पावलं न वाजवता मागं फिरली. त्यानंतर 'कोकिळाताईंना गोड आवडत नाही' हे तिनं कितीदा ऐकलं, कितीदा स्वतःही पाहुण्यांना सांगितलं. सांगताना ते पातेलं तिला दिसलं नाही असं कधी झालं नाही.

"वहिनी, गोळे झाले?" कोकिळेनं विचारलं.

"झाले," ती म्हणाली.

नैवेद्य झाला, आरती झाली, पुरुष जेवून उठले. बायकांची पंगत मांडायची ती मोठ्या सुनेनं. रत्नमालेनं अक्कांचं ताट मांडलं, वृषालीचं, मुलींची, स्वतःचं. कोकिळा वाढायला उभी होती. तिची भगर चुलीशी झाकून ठेवलेली होती.

रत्नमाला पुन्हा आत गेली आणि आणखी एक ताट घेऊन आली. अक्कांच्या शेजारी ठेवलं. कुणाकडे पाहिलं नाही.

"कोकिळा," अक्का शेजारच्या ताटाकडे हात करून म्हणाल्या, "आठे ये. मन्हाजोडे बस."

"अक्का, मला गोड नाही आवडत. माहीत आहे ना तुला."

"तुले कोनी नको म्हणेल व्हतं का?"

कोकिळेच्या हातात कटाच्या आमटीचं भांडं होतं. ते धरून ती उभी राहिली आणि तिनं खरंच शोधलं. मागं मागं जात, एकेका श्रावणाचं दार उघडून आत पाहिलं. आबा म्हणाले होते? नाही. त्यांनी बॅग उचलून आत ठेवली होती. अक्का? नाही. वहिनी, दादा, भाऊबंदांतल्या म्हाताऱ्या? कुणीच नाही. नशिराबादच्या एका कीर्तनात बुवा म्हणाले होते, मनाच्या घरात 'लोक काय म्हणतील' नावाचा एक भाडेकरू असतो, तो भाडंही देत नाही आणि जागाही सोडत नाही. सगळा मांडव हसला होता, तीही हसली होती, टाळ धरलेल्या आबांनी मात्र मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं चाललंय. आता एकेक दार उघडताना तिला त्या प्रत्येक खोलीत एकच माणूस भेटत होतं, आणि त्याचा आवाज तिचाच होता.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही म्हटलं."

"मंग?"

"मीच म्हटलं."

"कोकिळाताईंना गोड आवडतं," रत्नमाला म्हणाली. "मला माहीत आहे. बसा ताई. ते भांडं इकडे द्या."

कोकिळेनं तिच्याकडे पाहिलं. काय माहीत आहे, कधीपासून, असं काहीतरी विचारावंसं वाटलं आणि विचारायची गरज राहिली नाही. दोघींच्या डोळ्यांत ते एकच पातेलं होतं. रत्नमालेनं भांडं तिच्या हातातून काढून घेतलं.

तरी ती बसेना. "ती मूठ आबांची आहे," ती म्हणाली. "माझी नाही."

"मन्ही तरी कोठे शे, पोरी?" अक्का म्हणाल्या. "जलमभर तेस्नी मूठच खादी." त्यांची म्हणजे आबांची, नाव अजूनही अक्का घेत नव्हत्या. "काल हात चुकना. पन मी बोलनू नही. माले ती पाहिजे व्हती. आते दोन्ही मिळीसन खाऊत. नाना सांगेत ना, ज्यानी मूठ नही त्यानी खावानी."

नाना नेमकं असं म्हणाले नव्हते. पण कुणी दुरुस्ती केली नाही.

कोकिळा बसली. रत्नमालेनं दोन्ही ताटांत मिळून एकच मोठा रोट वाढला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तेवढ्यात दारातून कुणीतरी आत आलं. सुकदेव होता. बायकांची पंगत बसली की या घरातले पुरुष ओट्यावर जातात. तो मधेच उभा राहिला, काय करावं न सुचून त्यानं चुलीजवळची तुपाची वाटी उचलली. वाकून आईच्या ताटात तूप सोडलं, मग बहिणीच्या. तिच्या ताटात जरा जास्त पडलं. मग तो वाटी घेऊन तिथंच उभा राहिला, आणि वृषालीला वाटलं, यांनाही कुणी ही वाटी धरू नका म्हणून सांगितलं नसेल.

घास मोडायच्या आधी ज्याची मूठ त्याचं नाव घ्यायचं, हीही या घरची रीत. नवऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून बायका नुसते हात जोडत. अक्कांनी हात जोडले नाहीत. त्यांनी मान वळवून, काल पाहिलं होतं तसंच, कोकिळेकडे पाहिलं.

कोकिळेनं नेहमीच्या नावासाठी तोंड उघडलं. ते नाव जिभेवर आलं आणि तिथं थांबलं.

"भागाबाई," ती म्हणाली.

अक्कांनी ते नाव ऐकलं. या घरात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, देवीपुढं तर नाहीच. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"कोकिळा," त्या म्हणाल्या.

"कानबाई राखो," वृषाली म्हणाली. तिच्या दोन्ही मुलींनीही म्हटलं. ओट्यावर आवाज गेला असावा, कारण प्रेमराजही दाराशी येऊन उभा राहिला.

कोकिळेनं घास मोडला. तोंडात घातला. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखं करत होते. ती सावकाश चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. हात उष्टा होता. मग तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. तिनं आणखी एक घास घेतला, यावेळी तपासून पाहिल्यासारखा.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली.

दाराशी प्रेमराज खाकरला.

"ताई, तू आल्यापासून दर वर्षी कमीच पडतोय," तो म्हणाला. "पण तुला गोड आवडत नाही म्हटल्यावर सांगणार कोण?"

आधी रत्नमाला हसली, तोंडाला पदर लावून, मग मुली, मग सुकदेव, हातातली तुपाची वाटी सांभाळत. अक्कांना हसताना ठसका लागला आणि वृषालीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चौरंगावरची देवी नथ सावरून बसल्यासारखी त्या सगळ्यांकडे पाहत होती.

कोकिळा उठायला लागली, डब्यातून गूळ आणायला. पण रत्नमालेनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं, स्वतः गेली आणि गुळाचा खडा आणून दोन्ही ताटांच्या मधे ठेवला. कोकिळेनं तो मोडला. मोठा तुकडा आईच्या रोटावर ठेवला. मग थोडं थांबली, आणि तो उचलून आपल्या रोटावर ठेवला.

"खाय," अक्का म्हणाल्या.